सातव्या फरशीच्या पुढे

आमच्या घरामागं थोडी जागा आहे. तिथं मोगरा, कढीपत्ता, दोन पपया आणि पार टोकाला न्हाणी. जमीन उंच-सखल. सासूबाईंची नजर गेलेली, त्या पावलं मोजत न्हाणीपर्यंत जायच्या. एकदा पडल्या, खुबा मोडला. अंबडचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. म्हणून घर बांधताना उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे टाकून वाट करायचं मी ठरवलं.

अंतर त्यांच्या पावलाचं घेतलं. त्या पुढं चालायच्या, मी मागून चुन्यानं खूण करायची. सात पावलं सारखी पडली. आठवं लांब पडलं, पाण्याची चारी ओलांडावी तसं. पुढं परत सारखी. तिथं ओलांडायला तर काहीच नव्हतं. पुन्हा चालवलं, पुन्हा तिथंच लांब.

लांब टांग टाकताना तोल जाईल, म्हणून त्या मोकळ्या जागेतही मी एक फरशी बसवली. सगळीकडं केलं तसंच केलं. खोदलं, मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला, वर दगडाची बारीक कच पसरली. सासूबाईंनी मात्र तिच्यावर पाय दिला नाही.

सकाळी ती एका बाजूनं खचलेली. उचलून मुरूम भरला, दुसऱ्या दिवशी परत तेच. थंडीचे दिवस होते. बाकी फरशांवर दव असायचं, ही कोरडी. हात लावला तर कोमट. पहारीनं वाजवलं की बाकीच्या ठक म्हणायच्या, हिचा आवाज खाली जाऊन उशिरा परत यायचा.

मी आमच्या मालकांना, नवऱ्याला, सांगितलं. ते हसले. "मुरूम कमी टाकला असशील. मिस्त्री झाली का तू आता?"

मी पहार घेऊन परत मागं गेले. मला पटकन बोलता येत नाही.

चौथ्या दिवशी फरशीचा कोपरा आत गेला आणि मुठीएवढं भोक पडलं. त्यातून गरम वाफ आली. सासूबाई काठी टेकत मागं येऊन उभ्या होत्या.

"जवारीचा वास येऊन राह्यला."

"हो, आत्या."

"मंग उघडलंच तू."

त्या सातव्या फरशीवर बसल्या. पुढच्या, आठव्या फरशीखाली त्यांचं पेव होतं, त्या सांगू लागल्या; जमिनीत ज्वारी साठवायचा खड्डा. उघडल्यावर आधी कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा वाईट, कुणी उतरायचं नाही.

"माझी धाकटी जाऊ उतरणार होती. कंदील विझला. मी म्हणलं, तेल संपलं असंल, उतर तू. मला जल्दी होती."

त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"दोरीनं वर काढली तिला, जीव न्हवता. मंग माणसांनी पेव मातीनं भरून टाकलं. कंदील मी घरात नेला, हलवून पाह्यला. तेल होतं, बाई. कुणाला सांगितलं न्हाई."

मग भोकाकडं तोंड करून म्हणाल्या, "कंदील सोड."

भर दुपार होती. मी पहारीनं भोक मोठं केलं. पेवात भरलेली माती खाली बसून फरशीखाली पोकळी झाली होती. लाईट जाते तेव्हाचा कंदील लावून दोरीनं सोडला. त्यांनी माझा खांदा धरला होता, बोटं रुतत होती.

"जळतोय का?"

वारा नव्हता. कढीपत्त्याचं पानही हलत नव्हतं. दोन हात खाली ज्योत बारीक झाली, आडवी पडली आणि कुणी चिमटीत धरावी तशी गेली.

"जळतोय, आत्या."

"बराबर पाह्य."

"चांगला जळतोय."

खांद्यावरचा हात निघाला.

मालकांनी ट्रॉलीभर दगड-मुरूम आणून ते भरलं, ठोकलं. वर तीच फरशी मी बसवली. आता ती खचत नाही. सासूबाई आठवं पाऊल तिच्यावर पुरं टाकतात, पडल्या नाहीत.

कंदील जागेवर ठेवताना मी हलवून पाहिला होता. तेल भरपूर होतं. हेही कुणाला सांगितलं नाही.

बादली घेऊन न्हाणीकडं जाते तेव्हा सात फरशांवर माझा पाय नीट पडतो. आठवं पाऊल लांब जातं.