जूनअखेरपर्यंतची रॅम

आमच्या घरचा कम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर एक आकडा शून्यापासून वर चढत जायचा आणि ३२७६८ वर थांबायचा. मशीन आपली मेमरी मोजून बघतं, असं मुलीनं मला सांगितलं होतं. बायको गेल्यानंतरच्या दिवसांत मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन हा आकडा बघायला उभा राहायचो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तो रोज तेवढाच यायचा, म्हणूनच बघत असेन.

मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. बांधावरून साखळी फिरवायची, आकडे लिहून घ्यायचे आणि कचेरीत बसून काळ्या शाईनं नकाशा काढायचा, हे काम मी सत्तावीस वर्षं केलं. मुलगी एकुलती एक. तिनं अंबाजोगाईला बांधकामाचा डिप्लोमा केला आणि केजला घरी बसून अंबाजोगाईच्याच एका इंजिनिअरचे नकाशे कम्प्युटरवर काढू लागली. काढलेला नकाशा फ्लॉपीवर घ्यायचा, फ्लॉपी धुळीनं खराब होऊ नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डबा अंबाजोगाईच्या जीपवाल्याकडे द्यायचा, अशी पद्धत होती. संध्याकाळी तोच डबा दुरुस्त्या लिहिलेला कागद घेऊन परत यायचा. जीपवाला कित्येक दिवस समजत होता की इंजिनिअरला आमच्याकडून जेवण जातं. एकदा त्यानं मुलीला विचारलंही, की ताई, साहेबांना एवढ्याशा डब्यात पुरतं का.

ऑगस्टमध्ये बायको गेली. अंबाजोगाईला दवाखान्यात अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांतले तापाचे आकडे मला आजही सांगता येतील. बाकी फारसं आठवत नाही. लोक भेटायला आले, बसले, गेले. मी रडलो नाही. रजा संपल्यावर कामावर गेलो आणि पहिल्याच दिवशी एका शेताच्या चारही बाजू बरोबर जुळवल्या. सहकाऱ्यांना त्याचं आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही.

दिवाळीत माझी थोरली बहीण आली. तिला माजलगावला दिलेलं आहे. आमच्याकडे त्या वर्षी फराळ करायचा नव्हता, म्हणून तिनं आपल्याकडचा आणला होता. जेवण झाल्यावर तिनं मुद्द्याला हात घातला. घरात आई किंवा बाप गेला तर लेकीचं लग्न वर्षाच्या आत करावं, नाही तर तीन वर्षं थांबावं, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. तिच्या ओळखीतलं एक स्थळ होतं. बी-बियाण्यांचं दुकान, थोडी पाण्याखालची शेती, मुलगा शिकलेला, माणसं चांगली. त्या घरात नाव ठेवायला जागा नव्हती, हे मीही मान्य केलं.

"वर्साच्या आत उरकून टाक," बहीण म्हणाली. "न्हाईतर तीन वर्सं. तवर पोरगी सव्वीसची हुईल."

मी म्हणालो, बघू.

"तुझं बघू जलमभर चाललंय," ती म्हणाली. "भावजय हुती म्हनून घर चाललं."

मुलगी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मधल्या दाराला नुसता पडदा होता, म्हणजे तिला सगळं ऐकू गेलं. तिनं मला काही विचारलं नाही आणि मी तिला काही सांगितलं नाही. बहीण दुसऱ्या दिवशी एसटीनं परत गेली.

नोव्हेंबरअखेरीस इंजिनिअरनं मुलीला तीन मजली दवाखान्याचं काम दिलं. तोवर ती घरांचे नकाशे काढत होती. हा नकाशा त्यांच्या कितीतरी पट मोठा होता. हे काम मार्चपर्यंत नीट झालं तर पुढची सगळी मोठी कामं तुलाच, असं त्यानं तिला सांगितलं होतं. ती मला हे सांगताना शांतपणे बोलली, पण त्या दिवशी तिनं दोनदा चहा केला. त्यापुढे चार बंगल्यांचे नकाशे होतेच.

पण आमच्या मशीनला दवाखाना पेलत नव्हता. नकाशातला एक भाग मोठा करून बघायचा म्हटलं की पडदा कोरा व्हायचा आणि रेघा एकेक करून परत उमटायच्या. मी घड्याळ लावून बसलो. फाइल उघडायला चार मिनिटं दहा सेकंद. नकाशा पुन्हा उमटायला एक मिनिट पन्नास सेकंद. तासाभरात तिला हे साधारण चौदा वेळा करावं लागे. म्हणजे तासातली पंचवीस मिनिटांहून जास्त ती हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली असायची. त्यातच वीज जायची. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर नातेवाइकांना बसायला बाक आहेत का, असं मी एकदा तिला विचारलं. तिनं मूळ कागद बघितला. नव्हते. तिनं चार बाक काढले आणि इंजिनिअरला चिठ्ठी लिहिली.

रॅम, म्हणजे मशीन सुरू होताना मोजतं ती मेमरी, वाढवायला पाहिजे, असं तिनं सांगितलं. मशीनमध्ये रॅम बसवायच्या दोन खाचा होत्या. एकीत बत्तीस एमबीची पट्टी होती, रोजचा ३२७६८ हा आकडा तिचाच; दुसरी रिकामी होती. रिकाम्या खाचेत आणखी बत्तीसची पट्टी घातली तर चौसष्ट होणार होते. एकशेअठ्ठावीसची घातली तर एकशेसाठ. तिला एकशेअठ्ठावीसची हवी होती. तसं ती एकदाच बोलली आणि निवड माझ्यावर सोडली, कारण आमच्या घरात कुठलीही वस्तू घेण्याआधी मी तिचा अभ्यास करतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मी अभ्यास केला. इंजिनिअरच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये चौसष्ट होते. तिथे जाऊन तोच दवाखाना उघडून वेळ घेतली. नकाशा उमटायला चाळीस सेकंद लागले. एकशेअठ्ठावीसवर काय होईल ते त्याच्या मित्राकडे बघितलं. अठरा सेकंद. मग एका फूलस्केप कागदावर मी तक्ता आखला. डाव्या बाजूला कामं, वरच्या बाजूला महिने, आणि प्रत्येक चौकटीत वाट बघण्यात जाणारे तास. दवाखाना मार्चपर्यंत. बंगले एप्रिल, मे, जून. बेरीज केल्यावर दिसलं की चौसष्टवर काम वेळेत बसतं. त्याहून मोठी पट्टी घेण्याइतकं काम तक्त्यात नव्हतं. दोन्ही पट्ट्यांच्या किमतीत फरक होता, पण अडवणारा नव्हता. मला फक्त लागेल तेवढंच आणायचं होतं.

अंबाजोगाईला एका दुकानाच्या वर माडीवर कम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदार तिशीतला, बोलका. त्यानं दोन्ही पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. दिसायला सारख्याच, बोटभर रुंद, हिरव्या. मी त्याला माझा कागद दाखवला. त्यानं तो पूर्ण वाचला.

"काका, तुमी तर रॅमची बी मोजणी केली की," तो म्हणाला. मग म्हणाला, की हे सगळं ठीक, पण एक गोष्ट सांगा. "मशीन किती दिवस वापरायचंय?"

"जूनअखेरपर्यंत," मी म्हणालो.

"जूननंतर इकायचंय का?"

मी नाही म्हणालो. त्यानं बत्तीसची पट्टी पाकिटात घातली. पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून मी स्टँडवर आलो आणि जीप भरेपर्यंत आत बसून राहिलो. आपण काय बोललो हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी मुलीनं मशीनचं झाकण उघडलं. अंगातली वीज पट्टीला लागू नये म्हणून तिनं आधी लोखंडी सांगाड्याला हात लावला. पाकीट उघडून वाचलं. "बत्तीसची," एवढंच म्हणाली आणि पट्टी बसवली. मशीन सुरू केलं. आकडा ६५५३६ वर थांबला. मी खिशातून कागद काढून तिला दिला. माझी निवड बरोबर आहे, हे तिला आकड्यांवरून पटेल असं मला वाटलं. तक्ता चांगला उतरला होता, याचं थोडं समाधानही होतं.

तिनं तो दोनदा वाचला. खाली मी लिहिलं होतं: वापर जूनअखेर, सात महिने, चौसष्ट पुरेसे.

"आण्णा, जूनअखेर कुठनं आलं?"

मी सांगितलं, दवाखाना आणि चार बंगले तोवर पूर्ण होतात.

"आणि जुलैत?"

मी कागद घेतला आणि बघितला. जुलैचा रकाना नव्हता. आखताना राहून गेला की काय म्हणून मी कागद उलटूनही पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"म्हणजे जुलैत मी या घरात नाही. आत्याला तुम्ही हो म्हणालात," ती म्हणाली.

"नाही. बघू म्हणालो."

"तोंडानं बघू म्हणालात. कागदावर हो लिहिलंय."

ती चिडली नव्हती. तिनं झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि कणीक मळायला गेली. मी खुर्चीवर बसून राहिलो. तिची आई गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्या हातून चूक झाली होती, आणि तीही बेरजेत नव्हती. बेरीज मी पुन्हा तपासली. बरोबर होती.

आमच्या खात्यात एक नियम होता. मोजणीला जाण्याआधी ज्याची जमीन त्याला आणि शेजारच्या बांधवाल्यांना नोटीस द्यायची. ते हजर असतील तरच साखळी टाकायची, आणि शेवटी त्यांची सही घ्यायची. सत्तावीस वर्षांत नोटिशीशिवाय मी एकाही शेतात पाय ठेवला नव्हता. घरात मात्र मी नोटीस न देता मोजणी करून मोकळा झालो होतो, आणि जिची मोजणी केली ती शेजारच्या खोलीत होती. खूप वाईट वाटलं, असं लिहिणं खोटं होईल. कचेरीत चूक सापडली की वाटायचं तेवढंच वाटलं: मोजणी पुन्हा करावी लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जीप यायच्या आधी, ती फ्लॉपी डब्यात ठेवत असताना मी तिला विचारलं, की तुला काय करायचंय. हा प्रश्न मी तिला आधी विचारला नव्हता. तिच्या आईनं विचारला असेल.

तिनं डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, हा दवाखाना मला पुरा काढायचाय. त्याच्यानंतरचं कामही हवंय. लग्न करायचं आहे, ते स्थळही वाईट नाही, पण घाईनं नको.

"तीन वर्षं तर तीन वर्षं," ती म्हणाली. "तोवर मी सव्वीसची होईन. ते मला मोजून दाखवू नका."

मी बरं म्हणालो. डबा तिच्या हातातून घेतला आणि त्या दिवशी जीपवाल्याकडे न देता स्वतः घेऊन गेलो. काल बसवलेली पट्टी तिनं पुन्हा काढून दिली होती, ती खिशात होती.

दुकानदारानं ती ओळखली. काही बिघाड आहे का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, पट्टी चांगली आहे, बदलून हवी आहे.

"आता कवापर्यंत वापरायचंय?"

"माहीत नाही."

"मग एकशेअठ्ठावीसच," तो म्हणाला आणि कागद मागितला नाही.

बहिणीला मी पत्र लिहिलं. वर्षाच्या आत जमणार नाही, पुढचं पुढे, असं चार ओळींत. ती पत्रानं उत्तर न देता स्वतः आली. पोरीच्या शब्दावर चालतोस, लोक काय म्हणतील, स्थळ हातचं जाईल, असं सगळं बोलली. ते स्थळ गेलंही. फेब्रुवारीत त्या मुलाचं दुसरीकडे ठरलं. बोलायला आली त्या दिवशी ती न जेवता निघाली आणि मी तिची पिशवी घेऊन तिला स्टँडवर सोडायला गेलो.

दवाखान्याचा नकाशा मार्चमध्ये पूर्ण झाला. चार बाक इंजिनिअरनं ठेवले.

ऑगस्टमध्ये वर्षश्राद्ध होतं. बहीण आली. येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तिनं स्वयंपाकात हात लावला, सगळ्यांना वाढलं, आणि शेवटी मुलीच्या शेजारी पाट घेऊन जेवायला बसली. दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. दुपारी गुरुजी आणि पाहुणे गेल्यावर घर रिकामं झालं. वर्ष संपलं होतं. त्या घडीला काहीतरी व्हावं, असं मला वाटत होतं बहुतेक. काही झालं नाही.

मुलीला संध्याकाळच्या जीपनं एक नकाशा पाठवायचा होता, म्हणून तिनं मशीन सुरू केलं. बहीण पदराला हात पुसत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. काळ्या पडद्यावर आकडा चढू लागला. मेमरी वाढली की ती मोजायलाही मशीनला जास्त वेळ लागतो, हे तोवर मला कळलं होतं.

"लई येळ लावतंय की गं हे," बहीण म्हणाली.

"मोजू द्या, आत्या," मुलगी म्हणाली.

आकडा १६३८४० वर थांबेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच होतो.