उजव्या आरशातला हात

सुनंदावहिनींचं नाव आधी लिहितो. त्या बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहतात, अंगणवाडी चालवतात. माझ्या फौजेतल्या साथीदाराच्या, नायक एकनाथच्या पत्नी. मी आज शाळेची व्हॅन चालवतो, मला दोन वेळची गरम भाकरी मिळते, ती त्यांच्यामुळे. पुढे लिहिता लिहिता राहून जाईल, ही भीती वाटते, म्हणून पहिल्याच ओळीत.

मी सावंत. गाव सावंतवाडीकडे, इथून फार लांब. आठवीत शाळा सुटली. भरतीला तेव्हा तेवढं चाललं. सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर होतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

सिव्हिलमध्ये, म्हणजे फौजेबाहेर, लोक गाडी कशी लावतात ते रोज बघतो. सावली दिसली की तोंड आत घालून मोकळे. निघताना मग हॉर्न आणि आरडाओरडा. फौजेत गाडी बॅक करून लावतात, तोंड रस्त्याकडे. येताना वेळ असतो, जाताना असेलच असं नाही. ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी एवढंच कारण सांगितलं होतं. दुसरा नियम, मागे माणूस उभा केल्याशिवाय गाडी बॅक घ्यायची नाही. तो उजव्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक. बॉडीवर त्याची एक थाप म्हणजे येऊ दे. दोन थापा म्हणजे बस.

माझ्या मागे उभा राहायचा तो एकनाथ. माझा को-ड्रायव्हर, बुऱ्हाणपूरजवळच्या धूलकोटचा, केळीवाल्यांच्या घरातला. तीन वर्षं आम्ही एका केबिनमध्ये काढली. तो मला कोकण्या म्हणायचा. मी त्याला केळीवाला.

शेवटची पोस्टिंग डोंगरात होती. जागेचं नाव लिहीत नाही. रोज ०६०० ला बेसवरून निघायचं, रेशन आणि रॉकेल घेऊन वरच्या पोस्टवर जायचं, अंधाराच्या आत परत. पोस्टखाली कडा खोदून तीन गाड्यांपुरती जागा केली होती. समोर अरुंद रस्ता, त्याच्या पलीकडे दरी.

त्या दिवशी आम्ही १४२० ला पोहोचलो. दोन गाड्या आधीच लागलेल्या होत्या, तोंड रस्त्याकडे. माझी बोटं थंडीने वळत नव्हती. मी गाडी सरळ आत घातली. तोंड कड्याकडे.

"सावंत, फिरवून लाव," एकनाथ म्हणाला.

"आधी चहा. मग फिरवतो."

"कोकण्या, चहा काय पळून चाललाय?"

"तुझ्यासारखा केळीवाला आधी पोचला तर संपतो."

तो हसला. सीनियर होता. हुकूम देऊ शकत होता. दिला नाही. आम्ही चहाला गेलो.

१४५० ला रेडिओ वाजला. वरच्या पोस्टवरून. "पत्थर खिसक रहे हैं. पार्किंग खाली करो. ओवर." दुपारच्या उन्हाने बर्फ सैल झालं होतं. सुभेदारसाहेब ओरडले, "गाडी निकालो!" पहिल्या दोन गाड्या स्टार्टरसरशी बाहेर पडल्या. दोघांचे को-ड्रायव्हर केबिनमध्ये, शेजारी बसलेले.

माझी गाडी बॅक घ्यावी लागणार होती. मागे दरी. एकनाथ उडी मारून मागे गेला. उजव्या आरशात त्याचा हात आला. "आने दे, आने दे." एक थाप. मी क्लच सोडला. हात हलत होता. मग आरशात हात नव्हता.

मी ब्रेक मारला. हा नियम मात्र मी पाळला.

दगड गाडीच्या मागून गेले, चार हातांच्या अंतरावरून. माझ्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. दोन थापा आल्या नाहीत. वेळ १४५७.

चौकशी झाली. मी सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "स्लाइड किसी से पूछ के नहीं आती." एकनाथच्या घरी पत्र गेलं त्यात स्लाइड, म्हणजे दरड कोसळली, एवढंच होतं. गाडीचं तोंड कुठे होतं, ते नव्हतं.

पेन्शन आल्यावर मी एका दिवसासाठी बुऱ्हाणपूरला आलो. वहिनींना खरं सांगायचं आणि परत जायचं. त्यांनी जेवायला वाढलं, एकनाथचे जुने फोटो बाहेर काढले, म्हणाल्या, "ते पत्रात तुमचंच लिवायचे, भाऊ." माझं तोंड उघडलं नाही. आठवड्यात त्यांनी मला व्हॅनचं काम लावून दिलं, शेजारची खोली पाहून दिली. रोज वाटायचं, आज सांगू. हे कळल्यावर त्या पुन्हा भाऊ म्हणतील का, या भीतीत दोन वर्षं गेली.

गाडी बॅक घेणं मला जमत नव्हतं. गल्लीत व्हॅन बॅक करूनच लावावी लागते. मी ती वेशीच्या जुन्या दरवाज्याबाहेर मोकळ्यात लावून चालत यायचो. नाक्यावरचा रिक्षावाला रमेश रोज ओरडायचा, "फौजीसाब, रिव्हर्स गिअर सरकारजमा केला का?" नव्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो, टूं टूं वाजतं. मला तिथेही हात दिसतो.

एका संध्याकाळी वहिनींनीच विचारलं, "भाऊ, गाडी इतकी दूर कायले लावता?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. चहापासून १४५७ पर्यंत. त्यांनी ऐकलं. आत गेल्या. दार लागलं.

दोन दिवस त्या दिसल्या नाहीत. मी पिशवी भरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी शाळेची फेरी संपवून दुपारी आलो, तर वहिनी दरवाज्याबाहेर, व्हॅनच्या जागेवर उभ्या. पदर खोचलेला.

"चला. गल्लीत घ्या. बॅक."

"वहिनी, मागे उभ्या राहू नका. पाया पडतो."

"ते राहिले ना? मग मी बी राहते. तुमी आरशात पाहा."

मी रिव्हर्स गिअर टाकला. त्या मागून बोलल्या, "घरी बी ते पयले चहा मागायचे, मग बूट काढायचे. त्यांले गाडी फिरवायचीच असती, तर हुकूम देला असता."

रिक्षा बंद करून रमेश बघत होता.

उजव्या आरशात हात आला. हिरव्या बांगड्या नसलेला. एक थाप. मी गाडी सोडली. भिंत, ओटा, नळ, भिंत. हात शेवटपर्यंत आरशात होता.

मग पत्र्यावर दोन थापा.

"बस, भाऊ. लागली गाडी."

मी बराच वेळ स्टेअरिंगवरून हात काढले नाहीत.

नायक एकनाथ, धूलकोट. डोंगरात त्या पार्किंगजवळ त्याच्या नावाची पाटी आहे. वहिनींनी ती पाहिलेली नाही. मी त्यांना एक दिवस तिथे घेऊन जाणार आहे, स्वतः चालवून. पोहोचल्यावर आधी गाडी फिरवीन, तोंड रस्त्याकडे. चहा त्यानंतर.