विणकरीण पुलावर आली नाही

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. डॉक्टर नाही हं तो, सगळ्यांना आधी तेच वाटतं. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालून माप घेतात, ते माप डबीतून आमच्या बारक्याकडे येतं. मग हा त्यात प्लास्टर ओततो, जबडा तयार करतो, मेणात एकेक दात बसवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या बारक्याचं दातांवरच भरलं.

त्याची कामाची खोली एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे. लांबट, एकच खिडकी, आणि जिकडंतिकडं पांढरी भुकटी. फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातूनच परत फिरणार होते. म्हटलं, मेल्या, इतकी तोंडं तुझ्याकडं बघतायत, तुला जेवण जातं कसं? तर म्हणाला, "ताई, ही सगळी गप्प असतात. तुझ्यापेक्षा बरी."

लहानपणापासून असाच. चार वाक्यं एका दमात बोलला तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. मी मात्र तोंडाची फटकळ. कुरियरच्या ऑफिसात खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची पार्सलं तोलते आणि लोकांशी भांडते. आमच्या घरातली बोलायची सगळी वाटणी माझ्याकडंच आली असावी.

तर या मुक्या माणसाला एक वेड लागलं. कुणीतरी दुरुस्तीची कवळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली होती. कागद मुलांच्या पानाचा होता आणि त्यावर एक जुनी चिनी दंतकथा छापलेली होती. गोष्ट तशी साधी. आभाळातली एक विणकरीण खाली येते, एका गुराख्याशी संसार मांडते. वरच्यांना ते खपत नाही. ते तिला ओढून नेतात आणि दोघांच्या मधे ताऱ्यांची नदी घालतात. मग वर्षातून एकदा पक्षी जमतात, पंखाला पंख लावून पूल करतात, आणि त्या पुलावर दोघांची भेट होते. एवढंच. मी म्हटलं, यात वेडं होण्यासारखं काय आहे? आमचे हे दर महिन्याला फिरतीवर जातात, मी नाही पूल बांधत बसले.

पण वेडे पुष्कळ निघाले. या गोष्टीवर जीव टाकणाऱ्यांचा फोनवर एक गटच होता, देशोदेशीचे लोक. हे लोक त्या दोघांना नवे नवे जन्म द्यायचे. कुणी गुराख्याला ट्रक ड्रायव्हर करायचं, कुणी विणकरणीला दीपस्तंभावर नोकरीला लावायचं. एका हिशेबनिसानं तर अख्खी गोष्ट बैलाच्या तोंडून लिहिली, आणि खोटं कशाला बोलू, ती मला आवडली. भेटीच्या दिवशी सगळ्यांनी आपापलं नवं काम मांडायचं. नियम एकच: काहीही बदला, पण भेट झालीच पाहिजे.

बारक्या बाहुल्या करायचा. बोटभर उंचीच्या, दातांच्या मेणातून कोरलेल्या, कवळीच्या गुलाबी मालातून ओतलेल्या. वेड्यावाकड्या दातांना लावतात त्या तारेचा विणकरणीचा माग करायचा. मी चिडवायचे, अरे चिन्यांच्या संसाराची काळजी चिन्यांना करू दे, तुझा कधी मांडतोस? लोक हसतात रे. तो म्हणायचा, "हसतील त्यांचे दात दिसतील. ज्यांचे दिसणार नाहीत त्यांना मी बनवून देईन."

आणि त्याच गटात त्याला बायको मिळाली. आपल्याच शहरातली निघाली. इस्पितळात रुग्णांची देखभाल करायची आणि फावल्या वेळात शिवायची. तिचा पहिला निरोप काय, तर "तुमच्या गुराख्याचे दात फार छान आहेत, पण त्याला थंडी वाजत असेल." मग तिनं त्या बाहुलीला सदरा शिवला. बटणं म्हणजे मोहरीपेक्षा बारीक. बारक्या तो सदरा घेऊन माझ्या खिडकीवर आला, मागं ही रांग लागलेली, आणि हा म्हणतो, ताई, बटणांची काजं बघ, कशी केलीत. मी तेव्हाच ओळखलं, गडी गेला कामातून.

लग्न झालं, दोन खोल्यांचा संसार लागला. भावजय माझी गुणी, हसरी. पण दोघांना एक खोड होती. मनातलं सरळ बोलायचं नाही. हा रुसला की गुराख्याची बाहुली भिंतीकडं तोंड करून ठेवायचा. ती संध्याकाळी येऊन त्याच्या पायाशी चिमुकली उशी ठेवायची. मग हसायचे, मिटलं. ती दमली असली की विणकरणीला मागाखाली झोपवायची, आणि हा त्या दिवशी भांडी घासायचा. बघणाऱ्याला गोड वाटायचं. मला नाही वाटायचं. मी म्हणायचे, अरे, दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करण्यात जन्म चाललाय तुझा, एकदा स्वतःचं उघड की! पालथ्या घड्यावर पाणी.

पुढं तिला परदेशात काम लागलं. एका एकट्या म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करायचं. स्वतःचं घर होईल म्हणून दोघांनी मिळून ठरवलं. सुट्टी वर्षातून एकदा. निघताना दोघं काय हसले! म्हणे, आता आपणच ती दोघं झालो. मला नाही हसू आलं. गोष्टीतल्या माणसांना भाजी आणायची नसते, आजारी पडायचं नसतं. त्यांना वर्षातला एक दिवस पुरतो.

पहिली काही वर्षं ती आली की घर नुसतं भरून जायचं. मग हळूहळू काहीतरी निसटायला लागलं. तिथल्या बागेबद्दल बोलायची, तिथल्या खिडकीबद्दल बोलायची. म्हातारीचा विषय निघाला की "आमच्या बाई" म्हणायची. गेल्या खेपेला तर अंघोळ झाल्यावर टॉवेल दोरीवर न टाकता घडी करून आपल्या बॅगेत ठेवत होती, पाहुण्यासारखी. मी बघितलं. बारक्यानं नाही बघितलं. तो तिच्यासाठी नवीन बाहुल्या मांडत होता.

यंदा भेटीचा दिवस जवळ आला आणि तिनं गटात आपली गोष्ट टाकली. या वेळी बाहुलीचे कपडे नव्हते, नुसतं लिहिलेलं. बारक्या कुरियरच्या खिडकीवर धावत आला आणि त्यानं मला ते वाचून दाखवलं. विणकरीण मागावर बसली आहे. पक्षी येतात, पूल होतो, ते तिला हाका मारतात. ती म्हणते, परत जा, माझं कापड अर्धं आहे. त्याला सांगा, तू वाईट नाहीस, पण मला या काठाची सवय झाली. मी आता तिकडची राहिले नाही. वाट बघू नकोस.

हातातलं पार्सल मी खाली ठेवलं आणि सरळ म्हटलं, "बारक्या, ही गोष्ट नाही रे. ती तुला सांगतेय."

तो हसला. "ताई, तू म्हणजे ना, नाटकातल्या दुष्ट माणसाला रस्त्यात गाठून चप्पल मारणाऱ्यांतली आहेस. अगं, आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती असं लिहायची. काय लिहिलंय बघ ना!"

"तुम्ही दोघं रुसवेफुगवे याच बाहुल्यांवर काढता ना? मग हे कशावरून नाही?"

"ते घरातलं. हे गटातलं. गटात आम्ही फक्त गोष्ट करतो," तो म्हणाला. "आणि तिला काही सांगायचं असतं तर बोलली असती."

बोलली असती! या घरात कधी कोण बोललं होतं? मी म्हटलं, मी लावते तिला फोन. तर माझी शपथ आहे म्हणाला, तिचं काम नासवू नकोस.

इकडं गटात रणकंदन. तिनं नियम मोडला होता, भेटच होऊ दिली नव्हती. लोक तुटून पडले. कुणी म्हणे ही बेइमानी आहे, कुणी म्हणे हिला काढून टाका. आणि आमचा मुका, ज्यानं आयुष्यात दुकानदाराशी हुज्जत घातली नाही, तो बायकोच्या बाजूनं उभा राहिला. पानंच्या पानं लिहिली. मला वाचून दाखवायचा, डोळे चमकायचे. "पूल बांधला म्हणून तिनं यायलाच पाहिजे असं कुठं आहे? बोलावणं म्हणजे बेडी नव्हे. तिला तो काठ आपला वाटतो, तर तोच तिचा काठ. आणि गुराखी खरा असेल तर तो काठावर रडत बसणार नाही. बैल वळवेल, तिचं भलं चिंतेल आणि घरी जाईल." असं काय काय. शेवटी लोक गप्प झाले, मग त्याला मानायला लागले. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. नवराबायकोच्या भांडणात मधे पडू नये म्हणतात. इथं भांडणच नव्हतं, तर मी पडू कुठं?

एवढ्यावर थांबला असता तर! त्यानं तिच्या गोष्टीवर काम केलं. काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचा पूल, एकेक पीस कोरलेलं, आणि पुलावर कुणीही नाही. अलीकडं गुराखी, पाठमोरा, बैलाच्या मानेवर हात टाकून घरी निघालेला. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती पाठ बघून मला रडू फुटलं. त्यानं आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. तिला पाठवायची पेटी माझ्याच खिडकीवर आली. मी तोलली, शिक्का मारला, "नाजूक" अशी चिठ्ठी लावली. करणार काय? त्याची वस्तू, त्याची बायको, आणि माझ्या तोंडाला त्यानं शपथेचं कुलूप घातलेलं.

पोचल्याचा तिचा निरोप आला, नुसताच "मिळालं". हा म्हणाला, बघ, शब्दच फुटत नाहीत तिला.

मग तिच्या सुट्टीचे दिवस आले. कधी निघते, कशानं येते, काहीच कळवलं नाही तिनं. हा म्हणे, अचानक येऊन दारात उभी राहणार, गटातले सगळे असेच खेळ करतात. घर झाडलं, पडदे धुतले, तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली. दारावर जरा वाजलं की हातातलं टाकून उठायचा.

त्या दुपारी मी त्याचा डबा घेऊन खोलीवर गेले होते. तो रबराच्या वाटीत प्लास्टर कालवत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. फोन वाजला, तिचाच. म्हणाला, ताई, स्पीकरवर टाक, हे आत्ता ओतलं नाही तर दगड होईल.

"पोचलीस?" तो ओरडला. "कुठं आहेस? घ्यायला येऊ?"

ती म्हणाली, "पोचले म्हणजे? मी... अरे, मी येणार नाही ना."

"सुट्टी नाही मिळाली?"

"सुट्टीचं नाही. मी इथंच राहायचं ठरवलंय. कायमचं. तुला लिहिलं होतं ना मी. बोलायचा धीर नव्हता, म्हणून तसं लिहिलं. वाटलं होतं, तू चिडशील, तुटून जाशील. आणि तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलास. मग ती पेटी आली. गुराख्याची पाठ बघून मी किती रडले तुला सांगू! म्हटलं, या माणसानं मला इतक्या मायेनं सोडलं. आज कागदपत्रांचं विचारायला फोन केला. तू... तुला समजलं होतं ना?"

मी बारक्याकडं बघितलं. तोंडाचा रंग पार उतरला होता. मी हातानं खूण केली, सांग तिला, सांग की रे गाढवा, नव्हतं समजलं म्हणून! मी तोंड उघडलंसुद्धा. त्यानं पांढरा हात वर करून मला थांबवलं.

"हो," तो म्हणाला. "समजलं होतं. समजूनच केलं ते."

"खरं ना?"

"खरं. गडबडीत विसरलो, म्हणून विचारलं, पोचलीस का म्हणून. कागद पाठव, सही करतो. जप स्वतःला."

ती रडत रडत त्याला दुवा देत होती. फोन बंद झाला. वाटीतलं प्लास्टर कधीच घट्ट झालं होतं, चमचा त्यात उभाच राहिला होता. तो चमचा काढायला बघत होता आणि निघत नव्हता.

मग मी फुटले. काय नाही ते बोलले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता लाव फोन. सांग, मी मूर्ख आहे, मला गोष्ट वाटली, तू मला हवी आहेस. एवढी तीन वाक्यं. कुणी मेलं नाही अजून सरळ बोलून. लाव!

तो स्टुलावर बसला. हातावरचं प्लास्टर सुकून तडकत होतं, तो ते खरवडत राहिला.

"कसं सांगू, ताई?" तो म्हणाला. "तिनं येऊ नये हे मीच पटवून दिलं सगळ्यांना. तिलासुद्धा. तिच्या बाजूनं मी इतका भांडलो गं, आणि माझ्या बाजूनं मी एक शब्द लिहिला नाही."