अकरा जणांची खिचडी

वार्षिकांकासाठी लिही असे सरांनी सांगितले म्हणून लिहितो आहे. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. प्रवासवर्णन लिहिणारे दूरदूर जाऊन आलेले असतात. मी गेलो तो एसटीने दोन तास, वणीहून पांढरकवड्याच्या पलीकडे, वनस्पतिशास्त्राच्या सहलीला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून मला तेही लांब वाटले.

शिवाय मन घरी अडकले होते. त्या वर्षी बोंडअळीमुळे कपाशीच्या फवारण्या संपतच नव्हत्या. रविवारी पाळी माझी होती, पण सोमवारी माझा पेपर म्हणून दादाने पंप पाठीवर घेतला. वारा फिरला आणि औषध त्याच्या डोळ्यांत गेले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. ती नेमकी सहलीच्या दिवशी दुपारी सुटणार होती. मी जात नाही म्हणालो, तर दवाखान्याच्या खाटेवरून दादा म्हणाला,

"जा बे. तसाबी तू मले दिसून नाही राह्यला."

मग हळूच म्हणाला, "खिचडी तुह्याकडंच देतीन. गॅस फुंकू नको फक्त."

माय कापूस वेचायला गेली की चुलीवर खिचडी दादा टाकायचा. फुंकणी माझ्या हातात असायची.

दुपारी आम्ही एका कोलाम पोडावर (वस्तीवर) शाळेच्या ओसरीत थांबलो. छोट्या सिलिंडरवर बसवलेली एकच शेगडी आणि जेवणारे अकरा. मोठा गंज (पातेले) तिच्यावर कलंडायचा, म्हणून लहान गंजात तीनदा शिजवायचे ठरले. वाऱ्याने जाळ बसला तसा मी वाकलो आणि फुंकर मारली. शेगडी विझली.

"काहून फुंकून राह्यला बे?" वर्गातला मंगेश म्हणाला. "चूल हाय का थे?"

सगळे हसले. मी पुन्हा पेटवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकली.

पोडावरच्या एका आजोबांनी सांगितले, रेंज फक्त टेकडीवर, मोहाच्या झाडापाशी येते. प्रत्येक गंज चढवून मी वर धावायचो. घरचा फोन कोणी उचलत नव्हते. तिसऱ्यांदा खाली आलो तेव्हा खिचडी करपली होती. करपलेली सरांनी स्वतःच्या ताटात घेतली.

"कोनाचा फोन पाह्यतं?" आजोबांनी विचारले. मी सांगितले. ते उठून घरी गेले आणि अंबाडीची चटणी घेऊन आले. "याच्यासंगं जळकं बी जाते. खा."

सहलीत पाहिलेल्या झाडांची नावे वहीत आहेत. खरे सांगायचे तर मी दिवसभर फोनच पाहत होतो.

परतताना पांढरकवड्याच्या स्टँडवर तो वाजला. नंबर बाबांचा, आवाज दादाचा.

"पट्टी निघाली. दोन्हीनं दिसून राह्यलं. मायच्या केसात कापूस अडकला हाय, थो पह्यले दिसला."

मग त्यानेच विचारले,

"फुंकलं ना बे?"

"दोनदा," मी म्हणालो.