कोवळी आहे तोवर

फाल्गुन लागला की केदारखेड्याहून अक्काचा फोन यायचा. वाक्य ठरलेलं : "मेथी आली बघ. जल्दी ये, जून होईल." यंदाही मोबाइलवर तिचं नाव दिसलं आणि हातातलं पुस्तक मिटत मी म्हणालो, "निघालोच, अक्का." पलीकडे दाजी होते, तिचे यजमान. अडखळत म्हणाले, "सुधाकर, अक्का गेली रे." पहाटे तिच्या छातीत कळ आली होती. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं.

माझ्या या थोरल्या बहिणीच्या घरी चांगली शेती होती, पण तिचा जीव अंगणातल्या एका टबात. मोडीत निघालेल्या कूलरचा तो पत्र्याचा टब. त्याला खिळ्याने भोकं पाडून तिने त्यात शेणखत आणि काळी माती भरली होती. संक्रांत झाली की ती मेथ्या भिजवून पेरायची आणि टब पाण्याच्या टाकीच्या सावलीला ओढायची. उन्हं तापायच्या आत कच्ची खाण्याजोगी भाजी घरात हवी, हा तिचा हट्ट. चार बोटं वाढली की खुडायची. त्यात कांद्याची पात, शेंगदाण्याचा कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल. असा घोळाणा आणि गरम भाकरी. एका वर्षी मी त्या हिरव्या टबापुढे नुसताच उभा राहिलो.

"काय बघून राह्यला? खुड की."

"इतकी छान दिसतेय. राहू दे ना दोन दिवस."

"अन् मंग? मेथीचा काय फोटो लावायचा हाय भिंतीला? कोवळी हाय तोवर खा, न्हाई तर म्हशीला घाल."

तिची शेवटची मेथी मात्र कुणी खुडली नाही. दाजी रोज पाणी घालायचे, पण टबाला कुणाला हात लावू देत नव्हते. "तिच्या हातचं हाय," एवढंच म्हणायचे. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा मेथी गुडघ्याला लागत होती, फुलांवर आली होती. मी एक पान तोडून तोंडात टाकलं. राठ, कडूजहर. दुसरं दाजींच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते चावलं, तोंड वाकडं केलं... आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "अक्का असती तर आपल्या दोघांनाबी गोठ्यात बांधलं असतं."

त्यांनीच सगळी मेथी उपटून म्हशीपुढे टाकली. मी माती हलवली. डब्यात मेथ्या उरल्या होत्या, त्या भिजवल्या. सकाळी पेरणी केली, ऊन आता कडक होतं म्हणून टबावर ओलं गोणपाट टाकलं आणि निघालो.

काल मोबाइलवर पुन्हा अक्काचं नाव दिसलं. तो फोन आता दाजींकडेच असतो. यावेळी ते अडखळले नाहीत.

"मेथी आली बघ. जल्दी ये, जून होईल."