नाकाखालची पन्हळ

वर्गात टाळ्या मिळाव्यात म्हणून मी स्वतःलाच न पटलेलं बोलत होतो, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. गर्भात चेहरा कसा तयार होतो, हा भाग संपवताना माझं एक ठरलेलं वाक्य असायचं : "पायातली चप्पलसुद्धा कारागिराशिवाय होत नाही, मग एवढी गुंतागुंत आपोआप होईल होय?" पोरं बाकं वाजवायची. त्या आवाजाची चटक लागली होती मला.

एकदा शिरोळकडची एक मुलगी उठली. तिच्या धाकट्या भावाचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला. म्हणाली, "सर, मग माझ्या भावाचा ओठ कारागिरानं अर्धाच का सोडला? आजी म्हणती, तो पोटात असताना गिराण लागलं, तवा आईनं भाजी चिरली म्हणून."

"कारागीर रजेवर हुता की!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग फिदीफिदी हसला. हसं माझं होत होतं. सावरायला म्हणून बोलून गेलो, "कारागीर चुकत नसतो. बिघाड होतो तो आपल्याच हातनं."

ती खाली बसली.

खरं काय ते मला ठाऊक होतं. चेहरा कुणी कोरत नाही. वेगवेगळे उंचवटे वाढत वाढत मध्यावर येतात आणि जुळतात. आपल्या सगळ्यांच्या नाकाखालची पन्हळ ही त्याच जुळणीची खूण. कधी जुळायचं राहून जातं. ग्रहणाचा, विळीचा तिथं काही संबंध नाही. ते चित्र मी नुकतंच काढलं होतं. माझ्या पाठीमागं फळ्यावरच होतं.

पुढं पालकसभेला तिची आई आली. पदर सारखा करत म्हणाली, "पोरीनं घरात सांगितलं, तुमी काय म्हणालासा ते. सासूबाई म्हणत्यात, बघ, आता कॉलेजातला सरबी तेच सांगतोय. भेंडी चिरलीती मी, सर. ध्येनातच न्हाय राहिलं. आता टाकं घातल्यात, पोरगं बरं दिसतंय. पण जेवायला बसलं की सासूबाई आधी त्याच्या तोंडाकडं बघत्यात, मग माज्याकडं."

यावर मी काय म्हणालो? "चहा घेऊन जावा."

गुंतागुंतीचं श्रेय द्यायला एक कर्ता उभा केला, की बिघाडालाही कुणीतरी गुन्हेगार लागतोच. आणि घरातल्या सुनेइतकं हाताशी दुसरं कोण असतं?

चपलेचं ते वाक्य मी सोडून दिलं. बाकं वाजायची थांबली, एवढंच.

त्या घरी जाऊन, सासूबाईंच्या देखत, "भेंडीनं काही झालेलं नाही, मी खोटं बोललो," हे सांगणं अजून माझ्याकडं बाकी आहे.