तपासनिसाची रियाजाची खोली

आबांची उभी हयात बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. तिकिटाकडे ते बघतच नसत. समोर उभं राहून "सगळं कळलंय मला" एवढंच म्हणत, की फुकट्याची नजर आपोआप स्वतःच्या चपलांकडे जाई.

निवृत्तीनंतर त्यांनी क्लॅरिनेट वाजवायला घेतलं. मुला-सुनेने कधी ब्र काढला नाही. उलट आबांच्या रियाजासाठी म्हणून अडगळीच्या खोलीला दुहेरी भिंत घातली, मधल्या पोकळीत लोकर ठासली, दाराच्या फटींना रबर लावलं. आबा चरकलेच. बापाचा चष्मा बदलायला वर्ष लावणारा पोरगा एकाएकी दानशूर कसा झाला? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"आवाज अडतो का ते बघू या," आबा म्हणाले. "मी आत बसतो. तुम्ही बाहेर काय वाटेल ते बोला."

दार लागलं. आत त्यांना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने ते बाहेर आले, दोघांसमोर उभे राहिले.

"सगळं कळलंय मला."

सुनेची नजर थेट चपलांवर. "आबा, रेडा रेकतोय असं मी नाही म्हटलं, ह्यांनी म्हटलं!"

"खिदळलीस तर तूच!" मुलगा खेकसला.

"खोली झकास झालीय," आबा म्हणाले. "आत एक अक्षर ऐकू आलं नाही."

मग ते आत गेले, क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि दार सताड उघडं ठेवलं.